शेजारी राहायला गेलेली बाई : जेन ॲडम्स





परदेशात घर घेताना आपण काय काय बघतो ते आठवून पाहा. शाळा कशी आहे, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, परिसर सुरक्षित आहे का, पुढे घराला किंमत येईल का. थोडक्यात, चांगली वस्ती शोधून आपण तिथे राहायला जातो. त्यात गैर काही नाही. आपल्या आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी ज्या वस्त्यांमध्ये दिवस काढले, ते पाहता मुलांना चांगली वस्ती मिळावी असे वाटणे साहजिकच आहे.

आज ज्या बाईंची ओळख करून देत आहे, त्यांनी नेमके उलटे केले. पैसा होता, शिक्षण होते, कुठेही राहता आले असते. तरी त्या शिकागोतील एका गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेल्या आणि सुमारे ४६ वर्षे, मरेपर्यंत, तेच त्यांचे घर राहिले. त्यांचे नाव जेन ॲडम्स. अमेरिकेच्या शाळांमध्ये हे नाव मुलांना शिकवतात, तेव्हा तुमच्या घरातल्या लहानग्यांनी ते कदाचित ऐकले असेल. आपल्यासाठी त्यांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बाबासाहेबांच्या कोलंबियातील एका गुरूचे आणि जेन यांचे नाते फार जवळचे होते. त्याविषयी पुढे येईलच.

गिरणीमालकाची मुलगी

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील जॉन ॲडम्स पिठाच्या गिरणीचे मालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. जेन दोन वर्षांची असताना आई वारली. चार वर्षांची असताना तिला मणक्याचा क्षय झाला आणि पाठीला कायमचा बाक आला. आपण कुरूप आहोत, वडिलांसोबत रस्त्याने चाललो तर लोक त्यांना हसतील, असे त्या पोरीला वाटत असे.

सात वर्षांचीही नसताना ती वडिलांबरोबर जवळच्या शहरातल्या एका गरीब गल्लीत गेली होती. माणसे इतक्या लहान आणि घाणेरड्या घरांत, इतकी एकमेकांना खेटून का राहतात, असे तिने वडिलांना विचारले. त्यांनी समजावून सांगितल्यावर तिने जाहीर करून टाकले की मोठी झाल्यावर मी मोठे घर बांधीन, पण ते मोठ्या घरांच्या शेजारी नसेल, अशाच घरांच्या मध्ये असेल. लहान मुले असे पुष्कळ बोलतात. फरक इतकाच की ही मुलगी ते विसरली नाही.

१८८१ मध्ये तिने रॉकफर्ड येथील शिक्षण पूर्ण केले. त्याच उन्हाळ्यात वडील अचानक वारले. डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करायची म्हणून तिने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण पाठीच्या दुखण्याने काही महिन्यांतच शिक्षण सोडावे लागले. त्यानंतरची काही वर्षे फार वाईट गेली. शस्त्रक्रिया, अंथरूण, आणि मनावर आलेले मळभ. आज आपण त्याला डिप्रेशन म्हणू. हातात पदवी आहे, वडिलांनी ठेवलेला पैसा आहे, आणि आयुष्याचे काय करायचे ते कळत नाही. पुढे ज्या बाईने एका अख्ख्या वस्तीच्या आरोग्यासाठी काम केले, ती स्वतः तेव्हा बरी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

श्रीमंत घरच्या मुलींप्रमाणे तिलाही युरोपला पाठवण्यात आले. १८८३ मध्ये लंडनच्या पूर्व भागात शनिवारी मध्यरात्री नासलेल्या भाज्यांचा लिलाव तिने पाहिला. रविवारपर्यंत टिकणार नाही असा माल गरिबांना विकत होते, आणि बोली लावण्यासाठी शेकडो रिकामे हात वर झाले होते. एका माणसाने मिळालेली कोबी तिथेच बसून कच्ची, न धुता खाल्ली. ते वर झालेले हात पुढे अनेक वर्षे तिच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. चित्रे पाहावीत, संगीत ऐकावे, पुस्तके वाचावीत आणि या हातांसाठी काहीच करू नये, याची तिला लाज वाटू लागली.

दुसऱ्या युरोपवारीत, १८८८ मध्ये, ती लंडनच्या टॉयनबी हॉलमध्ये गेली. तिथे विद्यापीठातून शिकलेले तरुण गरीब वस्तीत राहायला येत आणि तिथल्या लोकांबरोबर काम करत. या पद्धतीला सेटलमेंट म्हणत. जेनला आपला रस्ता सापडला.

अठरा देशांची वस्ती

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलेन गेट्स स्टार शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर चार्ल्स हल यांनी बांधलेल्या जुन्या वाड्यात राहायला आल्या. तेच हल हाउस. आसपास इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, रशिया आणि पोलंडमधून आलेले ज्यू. पुढे हल हाउसच्या मंडळींनी पाहणी केली तेव्हा जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलाच्या पट्ट्यात अठरा देशांचे लोक सापडले. भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळे. सारखे होते ते फक्त दारिद्र्य, शिवणकामाच्या कोंदट खोल्या आणि रस्त्यावरचा कचरा.

सुरुवातीला या दोघींनी काय केले असेल? शेजाऱ्यांना बोलावून एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवली. हसू नका, आपणही असेच करतो. आपल्याला जे आवडते तेच लोकांना हवे असणार, असे प्रत्येक शिकलेल्या माणसाला वाटते. पण शेजाऱ्यांनीच हळूहळू त्यांना शिकवले. कामावर जाणाऱ्या आयांना मुले कुठे ठेवायची हा प्रश्न होता, म्हणून बालवाडी आणि पाळणाघर निघाले. घरांत न्हाणी नव्हती, म्हणून हल हाउसमध्ये अंघोळीची सोय झाली. तिथली गर्दी दाखवूनच शहराच्या मागे लागता आले, आणि १८९४ मध्ये शिकागोचे पहिले सार्वजनिक स्नानगृह या भागात बांधले गेले. एका रात्री शेजारच्या चाळीत एक मुलगी बाळंत होत होती. तिचे लग्न झालेले नव्हते, म्हणून शेजारणी पुढे येईनात. जेन आणि त्यांची सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप स्वतः गेल्या आणि बाळंतपण पार पाडून आल्या. दोघींनाही त्यातले फारसे काही येत नव्हते.

चुकाही झाल्या. त्या काळच्या आहारशास्त्राप्रमाणे पौष्टिक आणि स्वस्त जेवण देणारे एक सार्वजनिक स्वयंपाकघर त्यांनी काढले. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. इटालियन बाईला तिच्या चवीचे हवे होते, आयरिश बाईला तिच्या. आपल्या ताटात काय असावे हे दुसऱ्याने ठरवले की किती खुपते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. जेन यांनी लोकांना दोष दिला नाही. हिशेब आपला चुकला असे मानून त्या पुढे गेल्या.

पहिल्याच नाताळात आलेल्या लहान मुलींना गोळ्या-चॉकलेटे वाटली, तर काही मुलींनी ती घेतलीच नाहीत. त्या मिठाईच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. त्यांना गोड पदार्थ डोळ्यांसमोरही नको होता. दानाच्या पिशवीने या मुलींचे भले होणार नाही, त्यासाठी कायदा लागेल, हे जेन यांना तिथे उमगले. १८९३ मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात लावण्यास बंदी आली. त्यामागे हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांची पाहणी होती, आणि राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षकही त्याच झाल्या. स्त्रियांच्या आठ तासांच्या कामाचे कलम मात्र दोन वर्षांत न्यायालयाने रद्द केले.

एका माणसाचा मृत्यू

आता जी गोष्ट सांगतो ती जेन यांनी स्वतः आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. लपवता आली असती, पण लपवली नाही.

१८९३ च्या मंदीनंतरचा हिवाळा. हजारो लोकांचे काम गेले होते. हल हाउसमध्ये मदत मागणाऱ्यांची रांग लागे. तेव्हाच्या धर्मादाय संस्थांचा नियम होता की ज्याला काम मिळू शकते त्याला मदत द्यायची नाही, नाहीतर तो आळशी होतो. शहराच्या मोठ्या कालव्याचे खोदकाम चालू होते आणि तिथे काम मिळत होते. एक कारकून मदतीसाठी आला. जेन यांनी त्याला कालव्याच्या कामाची माहिती दिली. त्याने सांगितले की त्याने आयुष्यभर चार भिंतींच्या आत काम केले आहे, हिवाळ्यात उघड्यावर खोदकाम त्याला सोसणार नाही. जेन यांना ते पटत होते, पण त्या नियमाला धरून राहिल्या. तो परत मदत मागायला आला नाही. दोन दिवस त्याने खोदकाम केले, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो गेला. मागे दोन लहान मुले राहिली. ती मुले पुढे जेन यांच्या नजरेसमोर वाढली.

त्या माणसाला नीट ओळखल्याशिवाय, त्याचे आयुष्य आणि त्याच्या सवयी जाणल्याशिवाय, केवळ नियमावर बोट ठेवून मदत करता येत नाही, हा धडा जेन त्यातून शिकल्या. पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती. आपल्यापैकी जे शिष्यवृत्ती देतात, गावाकडच्या विद्यार्थ्यांना मदत पाठवतात, अर्ज तपासतात, त्यांनी ही गोष्ट एकदा थांबून वाचावी. पात्रतेचे निकष आपण ठरवतो. समोरचा माणूस त्यात बसत नाही असे लिहून टाकायला एक मिनिट पुरते.

कचऱ्याच्या गाडीमागे

वस्तीतल्या गल्ल्यांत कचऱ्यासाठी लाकडी पेट्या ठोकलेल्या होत्या. त्या कायम भरून वाहत, आणि लहान मुले त्यांच्यावरच खेळत. कंत्राटदार पैसे घेई, पण गाड्या येत नसत. महिला मंडळाने घरोघर पाहणी करून नियमभंगाच्या ढीगभर तक्रारी आरोग्य खात्याकडे पाठवल्या, तरी फार काही हलले नाही. अखेर १८९५ मध्ये जेन यांनी वॉर्डातील कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. ती तांत्रिक मुद्द्यावर बाद झाली, पण एवढा गाजावाजा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमले.

मग रोज सकाळी सहा वाजता ही बाई कचऱ्याच्या गाड्यांमागे निघू लागली. गाड्या किती आल्या, कुठे गेल्या, कुठे रिकाम्या झाल्या, सगळे पाहायचे. कंत्राटदाराला आधी ९ च्या १३ आणि मग १७ गाड्या कराव्या लागल्या. एका अरुंद रस्त्यावर कचऱ्याचा थर खरवडत गेल्यावर अठरा इंच खाली फरसबंदी सापडली. खाली पक्का रस्ता आहे, हे तिथल्या रहिवाशांना माहीतच नव्हते! मृत्युदराच्या यादीत हा वॉर्ड तिसऱ्या क्रमांकावर होता, तो सातव्यावर गेला.

इथे नेमकेपणाने बोलले पाहिजे. जेन कचरा उचलत नव्हत्या, तो उचलला जातो की नाही हे बघत होत्या. झाडू कोणाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला हे जाणणाऱ्या समाजाला यातला फरक सांगायला नको. तरीही एका सिनेटरच्या मुलीने हे काम आपले मानले, याने वस्तीतल्या बायकाही चकित झाल्या. बाईमाणसाला हे शोभत नाही, असे त्यांना वाटे. तापाने फणफणलेल्या शेजाऱ्याची शुश्रूषा करणे बाईला शोभते, तर त्याला ताप येऊच नये म्हणून झटणे का शोभू नये, असे जेन त्यांना समजावत. हळूहळू त्याही पाहणीला निघू लागल्या.

या वस्तीत एक विधवा राहत होती. वस्ती चांगली होती तेव्हापासूनची. आता आजूबाजूला परदेशातून आलेली माणसे भरली, तरी तिने आपले छोटे घर आरशासारखे स्वच्छ ठेवले होते. शेजाऱ्यांशी तिचा काही संबंध नव्हता. गल्लीच्या स्वच्छतेसाठी कोणी बोलवायला गेले तर ती येत नसे. पोटाला चिमटा घेऊन तिने दोन्ही मुलींना पूर्वेकडच्या कॉलेजात शिकायला पाठवले होते. एका जूनमध्ये एकीची पदवी झाली, दुसरीची दोन वर्षे राहिली होती, आणि दोघी सुट्टीसाठी आईकडे आल्या. दोघींना टायफॉइड झाला. त्यातली एक गेली.

आईने काही कमी केले नव्हते. पण रोगाने घराचा उंबरठा विचारला नाही.

जेन यांनी ही गोष्ट त्या बाईला नावे ठेवण्यासाठी लिहिलेली नाही. आपण आपले घर, आपली मुले सांभाळली की झाले, ही समजूत किती अपुरी आहे हे त्यांना दाखवायचे होते. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांबद्दल बाबासाहेबांनी जी खंत बोलून दाखवली, ती आपल्याला ठाऊक आहे. ती आठवली की या विधवेचे स्वच्छ घर वाचताना अंगावर काटा येतो.

नकाशे, आणि त्यांची मर्यादा

१८९५ मध्येच हल हाउसच्या रहिवाशांनी वस्तीचे नकाशे असलेले पुस्तक प्रसिद्ध केले. एका नकाशात कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात ते रंगांनी दाखवले, दुसऱ्यात कुटुंबाची आठवड्याची कमाई. ज्यांना आठवड्याला पाच डॉलर किंवा त्याहून कमी मिळत, त्यांचा रंग काळा. आज आपल्यातले कित्येक जण रोज डॅशबोर्ड बनवतात. हा १८९५ चा डॅशबोर्ड समजा, आणि तो घरोघर पायी फिरून बनवलेला होता.

डॉ. ॲलिस हॅमिल्टन १८९७ मध्ये हल हाउसमध्ये राहायला आल्या. १९०२ च्या टायफॉइडच्या साथीत या वॉर्डात शहराची फक्त एक छत्तिसांश लोकसंख्या होती, पण शहरातल्या टायफॉइडच्या मृत्यूंपैकी एक षष्ठांश इथले होते. हॅमिल्टन यांनी उघड्या संडासांवरील माशा पकडून तपासल्या, त्यांत जंतू सापडले, आणि माशांमुळे साथ पसरली असा निष्कर्ष काढला. तो खूप गाजला. आरोग्य खात्यात खळबळ उडाली, अनेक निरीक्षकांना घरी जावे लागले. पुढे त्यांनाच कळले की खरे कारण वेगळे होते. पंपिंग स्टेशनपाशी फुटीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले होते आणि अधिकाऱ्यांनी ते दडवले होते. हॅमिल्टन यांनी आपली चूक आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली. रूट कॉज शोधणाऱ्या आपल्या मंडळींना यात ओळखीचे काही दिसेल: पुरावा खरा होता, पण तो पुरेसा नव्हता. याच हॅमिल्टन पुढे कारखान्यांतील शिशाच्या विषबाधेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाल्या आणि १९१९ मध्ये हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक बनल्या.

आईची टकळी

आरोग्य म्हणजे पाणी आणि गटार एवढेच नाही, हे जेन यांना वस्तीतल्या मुलांकडे पाहून कळले. मुले शाळेत जात, इंग्रजी बोलत, अमेरिकन कपडे घालत, आणि घरी आल्यावर आई-वडिलांची त्यांना लाज वाटे. आई-वडीलही मुलांसमोर लहान होत जात. घरातला हा दुरावा कोणत्याही औषधाने भरून येणारा नव्हता.

एकदा जेन यांना रस्त्यात एक म्हातारी इटालियन बाई टकळीवर सूत काततांना दिसली. त्यातून १९०० मध्ये हल हाउसमध्ये श्रम संग्रहालय सुरू झाले. सीरिया, ग्रीस, इटली, रशिया, आयर्लंड अशा ठिकाणांहून आलेल्या बायका आपापल्या पद्धतीने सूत कातून, विणून दाखवत. टकळीपासून चाकापर्यंत आणि चाकापासून गिरणीपर्यंत हा माणसाचा इतिहास कसा आला, ते त्या संग्रहालयात मांडलेले असे. मांडणारे हात मात्र शेजारणींचेच.

एक इटालियन मुलगी दर शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला येई. तिची आई त्याच वेळी संग्रहालयात सूत कातायला येई. मुलगी मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरे, कारण आईचा डोक्याचा रुमाल, जाडजूड बूट आणि आखूड घागरा मैत्रिणींना दिसू नये असे तिला वाटे. एका संध्याकाळी तिने पाहिले की शिक्षणक्षेत्रातली मोठी माणसे आईभोवती उभी आहेत आणि तिच्या कामाची तारीफ करत आहेत. तिने जेन यांना विचारले. जेन यांनी तिला आईच्या गावाविषयी, तिथल्या बायका एकत्र बसून सूत काततात त्याविषयी, आणि तो सगळा गोतावळा सोडून एकटी शहरात येणे किती अवघड असते त्याविषयी सांगितले. त्यानंतर ती मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

तुमच्या घरी गावाहून आई किंवा सासूबाई येतात, नऊवारी नेसून पार्कात चालायला जातात, आणि शाळेच्या गेटपाशी नातवंडे दोन पावले पुढे चालतात. हे दृश्य तुम्ही पाहिलेले आहे. त्या बाईला शेतातली खुरपणी येते, जात्यावरची आणि भीमरायाची गाणी येतात, गोधडी शिवता येते. आपल्या कार्यक्रमांत तिला आपण पहिल्या रांगेतली खुर्ची देतो. माइक देतो का?

बाबासाहेबांचे गुरू आणि हल हाउस

आता ते नाते. तत्त्वज्ञ जॉन ड्युई १८९४ ते १९०४ शिकागो विद्यापीठात होते. हल हाउसमध्ये ते नेहमी येत, व्याख्याने देत. ते संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक होते. आपल्या एका मुलीचे नावही त्यांनी जेन ठेवले. लोकशाहीविषयीच्या आपल्या विचारांवर जेन यांचा प्रभाव असल्याचे ड्युई मानत. लोकशाही ही राज्यकारभाराची पद्धत आहेच, पण त्याआधी ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा विचार जिथे रोज अठरा देशांचे लोक एका जिन्यावर भेटत त्या वास्तूत त्यांनी पाहिला होता.

पुढे ड्युई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा तरुण तिथे आला आणि ड्युईंच्या वर्गात बसला. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी ड्युईंचे ऋण आदराने मान्य केले आहे, आणि तिथे लोकशाहीची जी कल्पना ते मांडतात तिची नाळ ड्युईंशी जुळते. अर्थात बाबासाहेबांनी ती जशीच्या तशी घेतली नाही. जिथे शेजार जन्मानेच तोडलेला असतो, पाणवठाही वेगळा असतो, तिथे एकत्र जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न शिकागोत कोणाला पडला नव्हता. तो बाबासाहेबांनी विचारला.

एक अपुरे पान

जेन यांच्या आयुष्यातली एक उणीव आपण तरी झाकू नये. १९०१ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध लेख लिहिला, पण मारल्या गेलेल्यांवरचे आरोप खरे असावेत असे त्यात धरून चालल्या. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी आकडेवारी देऊन ते खोडून काढले. याच दोघींनी शिकागोच्या शाळांत वर्णानुसार वेगळे वर्ग करण्याचा डावही मिळून हाणून पाडला होता. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एनएएसीपी ही संघटना उभी राहिली, तिच्या आवाहनावर जेन यांची सही होती. पण १९१२ मध्ये ज्या पक्षाने दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनात बसू दिले नाही, त्याच पक्षात त्या राहिल्या आणि रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला त्यांनी अनुमोदन दिले. मनात खळबळ होती, तसे त्यांनी लिहिलेही. तरी त्या उठून बाहेर पडल्या नाहीत. इतरांच्या न्यायासाठी आमचा न्याय थोडा थांबवा, हे ऐकण्याची सवय आपल्या समाजालाही आहे. म्हणून हे पान वाचायचे.

देशद्रोही आणि नोबेल

पहिल्या महायुद्धात जेन यांनी शांततेची बाजू घेतली. १९१५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्या बदलल्या नाहीत. काल ज्यांना देशाची माता म्हणत, त्यांना आज देशद्रोही म्हणू लागले. वर्तमानपत्रे उलटली, व्याख्याने बंद पडली. त्यांनी त्या काळात युरोपातल्या भुकेल्या माणसांना अन्न पोचवण्याच्या कामाला हातभार लावला.

१९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. पुरस्कार विभागून होता, आणि दुसरे मानकरी होते निकोलस मरे बटलर, म्हणजे बाबासाहेब कोलंबियात शिकत होते तेव्हा तिथले अध्यक्ष. आजारपणामुळे जेन पुरस्कार घ्यायला जाऊ शकल्या नाहीत.

२१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. हल हाउसमध्येच अंत्यदर्शनासाठी पार्थिव ठेवले होते. हजारो शेजारी रांगेने आले, अंगणात अंत्यविधी झाला, आणि मग सीडरव्हिलला, त्यांच्या जन्मगावी, दफन झाले.

१९६० च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी ही वस्ती पाडण्यात आली. रहिवाशांनी लढा दिला, पण तेरा इमारतींपैकी मूळ वाडा आणि भोजनगृह एवढेच उरले. आज तिथे संग्रहालय आहे. तुम्ही शिकागोला असाल किंवा कामासाठी गेलात, तर हॉल्स्टेड स्ट्रीटवर उतरून ते जरूर पाहा. मुलांना सोबत न्या. शक्य असेल तर गावाहून आलेल्या आईलाही न्या, आणि तिथल्या टकळीची, चाकाची गोष्ट निघाली की तिलाच सांगू द्या.

आणि घरी परतल्यावर एक करा. ज्या इमारतीत किंवा गल्लीत तुम्ही राहता, तिथल्या किती शेजाऱ्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत, ते कागदावर लिहून पाहा. मी लिहून पाहिली. पाच वर्षांत चार नावे. पाचवे दार याच रविवारी वाजवणार आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.